खिळ्याला टांगलेले तास

बायको गेली आणि मी देवाशी बोलणं टाकलं. खोटं कशाला लिहू. देव्हाऱ्यातली समई तीच घासायची, तीच लावायची. ती गेल्यावर समई काळी पडली आणि मी पडू दिली. शेजारचे म्हणायचे, आबा, देवावर राग धरू नये. मी म्हणायचो, राग नाय धरलेला, ओळख सोडली. असा मी माणूस. चौथीपर्यंत शिकलेला, बोलायला तिरका, आणि भक्ती म्हणाल तर ती सगळी बायकोच्या वाटणीची. तरी गेल्या भाद्रपदात जे घडलं ते लिहितोय, कारण ते पोटात ठेवून मरणं मला बरं वाटत नाही.

आमचं घर पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीत. मुलगा-सून मुंबईला कामाला. त्यांची मुलगी मयुरी लहानपणापासून आमच्याकडे वाढली. महाडच्या कॉलेजात सायन्स शिकली आणि कॉलेजच्या आधी सकाळी तिथल्याच एका डॉक्टरीणबाईंच्या छोट्या दवाखान्यात काम करायची. तिला पुढं फिजिशियन असिस्टंटचा कोर्स करायचा होता. मला वाटलं कंपाउंडर. ती म्हणाली, "कंपाउंडर नाय हो आबा. डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासायचा, टाके घालायचे, ऑपरेशनला उभं राहायचं." मी म्हटलं, मग सरळ डॉक्टरच हो की. ती म्हणाली, "डॉक्टरीला माझा नंबर लागला नाय, हे तुम्हीच ना वाडीभर सांगितलंत?"

त्या कोर्सला सुखासुखी घेत नाहीत. पदवीचे चांगले मार्क लागतात, दोन डॉक्टरांची शिफारसपत्रं लागतात, मला हेच काम का करायचंय असा निबंध लिहून द्यावा लागतो, आणि वर मुलाखत. एवढं तिनं जमवलं होतं. अवघड अट होती ती हजार तासांची. पेशंटची प्रत्यक्ष सेवा केल्याचे हजार तास, तारीख आणि वेळ घालून, डॉक्टरांच्या सहीनिशी. आणि घरच्या माणसाची सेवा त्यात धरत नाहीत. हे ऐकून मी चिडलो होतो. अंगावरून वारं गेलेल्या आजीला ही पोरगी वर्षभर कुशीवर वळवत होती, भरवत होती, पाठीला जखम होऊ नये म्हणून जपत होती, आणि तेच म्हणे धरत नाहीत. मग धरतात काय, असं मी विचारलं. बायको अंथरुणातून अर्ध्या तोंडानं म्हणाली, "अवो, तुमचा जीव कशाला जळतोय? माझं मी धरलंय."

तासांची एक लांबडी वही होती. मयुरी घरी आली की आजीच्या उशाशी बसून तीत लिहायची, आठवड्याला डॉक्टरीणबाईंची सही घ्यायची, आणि वही आजीच्या गादीखाली सारायची. बायकोला अक्षर येत नव्हतं, पण रोज विचारायची, "किती झाले गो?" पोरगी आकडा सांगायची. "हजार झाले की सांग. मग मी मरायला मोकळी." आम्ही हसायचो. जूनमध्ये हजार भरले. जुलैत सावित्रीचं पाणी महाडात शिरलं, दवाखाना छातीएवढ्या पाण्यात गेला, तिथलं सगळं दप्तर चिखल झालं. डॉक्टरीणबाईंनी वय झालं म्हणत दवाखाना बंद केला आणि पुण्याला मुलीकडे गेल्या. आणि गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी बायको गेली.

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. वळकटी करून नदीत सोडतात. भाऊबंद म्हणाले, आम्ही टाकतो. मी कोणाला हात लावू दिला नाही. मीच गादी गुंडाळली, तिच्याच लुगड्यानं बांधली, खांद्यावर घेतली आणि स्मशानाच्या खालच्या अंगाला पाण्यात सोडली. वळकटी एकदा फिरली आणि गेली. मी वळून पाहिलं नाही.

तेराव्यानंतर मयुरी फॉर्म भरायला बसली आणि वही शोधू लागली. तेव्हा माझ्या ध्यानात आलं. वही गादीबरोबर मीच नदीत सोडली होती. तिला सांगायचं धाडस झालं नाही. तीन दिवस ती पोरगी कपाट, माळा, भाताची कणगी शोधत होती आणि मी ओटीवर बसून बघत होतो. तिनं पुण्याला फोन केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तू काम केलंस हे मला माहीत आहे गं. पण तारखा आणि वेळा मी आठवणीनं लिहून सही करणार नाही. कागदावर काहीतरी दाखव, लगेच करते." फॉर्मला आठ दिवस उरले होते. फोन ठेवून ती पुन्हा माळ्यावर चढली.

चौथ्या दिवशी सकाळी मी घरात काही न सांगता निघालो. महाडला उतरलो, शिवथरची एसटी धरली. बायको धडधाकट होती तेव्हा दासनवमीला घळीत जायची. मी तिला पोचवायचो आणि बाहेर विडी ओढत बसायचो. आत कधी गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो. बाजूला धबधबा कोसळत होता, आपलंच बोलणं आपल्याला ऐकू येऊ नये इतका आवाज. बरंच झालं. मी समर्थांच्या मूर्तीपुढं उभा राहून भांडलो. म्हटलं, तिला नेलीस, तिचं वय झालं होतं, ठीक. पण पोरीची वही माझ्याच हातानं टाकायला लावलीस? दुसरा हात नव्हता? पुष्कळ बोललो. ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलून बोलून आत काही उरलं नाही, आणि मग शेवटी निघालं ते एवढंच, "माझ्याच्यानं आता काय होत नाय. तू बघ." जन्मात पहिल्यांदा मी हे कोणाला म्हटलं. बायकोलासुद्धा म्हटलं नव्हतं.

बाहेर आलो तर एसटी गेलेली. चालत सुटलो. मैलभर गेलो असेन तोच मागून एक टेम्पो आला आणि हात न दाखवता थांबला. चालवणारा महाडचा मुसलमान गृहस्थ, पन्नाशीचा, कासमभाई नाव. बरीच वर्षं दुबईला होता, आता लाद्यांचा धंदा. शिवथरला लाद्या टाकायला त्याचा माणूस यायचा, त्या दिवशी तो तापानं पडला म्हणून मालक स्वतः आला होता. "बसा बाबा. या वयात कुठं चाललात, बिरवाडीपर्यंत पाय राहायचे नायत."

पुढच्या काचेजवळ हुकाला एक प्लॅस्टिकची पिशवी लटकत होती. वळणावळणाला माझ्या तोंडासमोर यायची. मी म्हटलं, ही काय तसबीर आहे काय? तो हसला. "आईची फाईल. घरात ठेवली तर नातवंडं विमानं करतात. आधी महाडात डॉक्टरीणबाई होत्या ना, त्या कागद ठेवूनच घ्यायच्या नायत. म्हणायच्या, आजार तुमचा, कागद पण तुम्हीच सांभाळा." मी विचारलं, बघू का? त्यानं पिशवी काढून मांडीवर दिली.

इंग्रजी मला येत नाही. पण प्रत्येक कागदाच्या खाली मराठीत एक ओळ होती. सकाळी ७ ते १, मयुरी. त्याखाली डॉक्टरीणबाईंची सही. पुढचा कागद, दुसरी तारीख, सकाळी ७ ते १, मयुरी. पुढचा, तेच. त्या दवाखान्याची तशी पद्धतच होती, ड्युटीवर जो असेल त्यानं वेळ आणि नाव पेशंटच्या कागदावर लिहायचं. मी कागद भराभर उलटायला लागलो. कासमभाईनं टेम्पो कडेला घेतला. "काय झालं बाबा?" मी म्हटलं, ही माझी नात. तो म्हणाला, "थंड हाताची पोरगी? आई अजून नाव काढते तिचं. बसा मग नीट टेकून, पाव्हणे निघालात."

सगळं मी त्याला सांगितलं. घरात जे सांगू शकलो नव्हतो ते अनोळखी माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "वही गेली तर गेली. जेवढे पेशंट, तेवढ्या घरांत खिळ्याला पिशव्या टांगलेल्या हायत." मी पंचाहत्तर वर्षं या मुलखात काढली. प्रत्येक घरात दाराआड ती पिशवी बघितली आहे. मला ते सुचलं नव्हतं.

घरी येऊन मयुरीला आधी खरं सांगितलं. मला वाटलं होतं रडेल. ती लाल झाली. "तीन दिवस मला माळ्यावर चढउतार करायला लावलीत, आबा. उंदरानं चावलं असतं तर?" मग तोंड धुतलं आणि आठवतील त्या पेशंटांची नावं लिहायला बसली. पुढचे चार दिवस कासमभाईच्या टेम्पोतून आम्ही फिरलो. महाडातला मोहल्ला, बिरवाडी, वीर स्टेशनाजवळची घरं, पोलादपूरच्या वाड्या. कोणाच्या दाराआड, कोणाच्या देवाच्या फळीखाली, एका घरी पाळण्याच्या दांडीला, पिशवी निघत गेली. पूर येतो म्हणून लोक कागद उंचावर टांगतात, म्हणून ते वाचले होते. एकानंही कशाला हवं म्हणून विचारलं नाही. पोरगी मोबाईलवर फोटो काढायची, मी कागद धरायचो. एक म्हातारी मला म्हणाली, "हिनं माझी वेणी घातली होती. ते पण लिव्हा."

शेवटच्या संध्याकाळी बेरीज झाली. साठेक तास कमी पडत होते आणि आता घरं उरली नव्हती. मी घळीतलं आठवलं आणि गप्प राहिलो. तू बघ म्हटलं होतं, मधेच हात घालायचा नव्हता. मयुरीनं पुण्याला फोन लावून आहे ते सांगितलं. पलीकडून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अगं, तुझी आजी पहिल्यांदा माझ्याकडेच ॲडमिट होती ना? त्या खोलीत तीन पेशंट होते आणि ड्युटी तुझीच होती. आजी आहे म्हणून तेवढे दिवस तू वहीत लिहिलेच नाहीस, मी रागावले होते. ती काही घरची सेवा नव्हती, ते तास मी धरते. कागद शोध."

बायकोची पिशवी आमच्याच घरात होती. देव्हाऱ्याच्या वर, कॅलेंडरच्या मागच्या खिळ्याला. मी अंथरूण टाकलं, कपडे वाटले, आणि ती एवढी पिशवी मला दिसली नव्हती, कारण त्या बाजूला मी बघणंच सोडलं होतं. मयुरीनं कागद सोडवले. सकाळी ७ ते १, मयुरी. बारा दिवसांचे बारा कागद. बाहत्तर तास. आजीला रोज आकडा सांगायची तिला सवय होती, त्या सवयीनं पोरगी हळूच म्हणाली, "झाले गो आजी." मी समई उतरवली आणि चिंचेनं घासायला घेतली.

सही आली, फॉर्म गेला, मुलाखत झाली. आता ती तिकडे शिकते आणि सणाला येते. हा चमत्कार होता का, असं मला एकानं विचारलं. मला काय माहीत. टेम्पोवाल्याचा माणूस आजारी पडला, लोक पुराला भिऊन कागद टांगतात, डॉक्टरीणबाईंची पद्धत तशी होती. सगळं साधंच आहे. पण ते मी केलेलं नाही, एवढं मला पक्कं कळतं. मी जे केलं ते नदीत गेलं. आणि जे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं ते घरोघरी कोणीतरी आधीच सांभाळून ठेवलं होतं. हे मनात आलं की अजून अंगावर काटा येतो आणि मी हात जोडतो. मागत काही नाही.

या दासनवमीला घळीत गेलो. कासमभाईनंच पोचवलं आणि तो बाहेर माझ्या जागेवर बसून राहिला. आत मी फक्त बसलो. भांडण नव्हतं. घरी आल्यावर मयुरीला फोन करून एकच सांगून ठेवलंय, की माझी वेळ येईल तेव्हा अंथरूण खुशाल टाक, पण आधी झटकून बघ.