मऊ काय, कुणीही चावेल

आमचे हे कवळ्या बनवतात. दातांचे डॉक्टर मापं पाठवतात, आणि घराच्या मागच्या खोलीत खिडकीशी बसून हे गुलाबी मेणात एकेक दात बसवतात. फळीवर ओळीने प्लास्टरचे जबडे. लग्न होऊन आले तेव्हा मी सासूबाईंना म्हणाले होते, "सासरची माणसं दात दाखवतात असं ऐकलं होतं, इथे तर फळीवर मांडूनच ठेवलेत!" त्या हसल्या, म्हणून संसार टिकला.

कवळी न्यायला आलेल्या प्रत्येकाला हे एकच सांगतात. "घरी जाऊन केळं खाऊन छान म्हणू नका. गाजर चावा, मग मला सांगा. मऊ काय, कुणीही चावेल." गाजर चावताना कुठे टोचलं तर माणूस परत येतो, हे तेवढी जागा घासून देतात, पुन्हा गाजर खायला लावतात. एका आजोबांना तर इथेच, माझ्या स्वयंपाकघरातली गाजरं आणून चारली. आजोबा खूश, हे खूश, आणि मी संध्याकाळी भाजीला काय करू म्हणून डोक्याला हात लावून बसले.

हाच माणूस रविवारी चर्चमध्ये उपदेश करतो. आमची चर्चची मंडळी लहान, कायमचा पाळक, म्हणजे पगारी धर्मगुरू, ठेवायची ऐपत नाही. म्हणून एक रविवार हे आणि एक रविवार शाळेच्या निवृत्त मोठ्या बाई, असं कित्येक वर्षं चाललेलं. बायबलमधला कुठला भाग कुठल्या रविवारी वाचायचा ते आधीच ठरलेलं असतं. हे सोमवारपासून तयारीला लागतात. आणि माझा नवरा म्हणून सांगत नाही, पण उपदेश करताना "हे वचन मला कळलेलं नाही" असं सरळ म्हणणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. बाकीचे न कळलेल्या ठिकाणी आवाज चढवतात. यांचा आवाज उतरतो.

तर असल्या माणसाला भाष्यग्रंथ हवे होते. म्हणजे बायबलच्या एकेका पुस्तकावर विद्वानांनी लिहिलेले जाडजूड खंड, वचनावचनाचा कीस काढणारे. पुस्तकांच्या दुकानात तसले तीनचार संच होते. दर शनिवारी हे पिशवी घेऊन जायचे आणि रिकामी पिशवी घेऊन यायचे.

"आणलीत?"

"नाही. पटलं नाही."

"अहो, साडी घ्यायला गेलात की पुस्तक? मीसुद्धा एवढी दुकानं उलथीपालथी करत नाही!"

मग अलीकडे दुकानात नवा संच आला. सगळ्यात मोठा, सगळ्यात विद्वान, आणि किंमत ऐकून मी पोळपाट खाली ठेवला. नाकापेक्षा मोती जड! बरोबर तेवढेच पैसे आम्ही माझ्या ओट्यासाठी साठवले होते. ओटा मधोमध तडकलेला, फटीत पीठ जाऊन बसतं, मुंग्यांचं तर बारसं चाललेलं असतं तिथे. मी म्हटलं, "एक काय ते ठरवा. ओटा की पुस्तकं?" हे म्हणाले, "ओटा." मी खूश व्हायला हवं होतं. पण पुढच्या शनिवारी स्वारी पुन्हा पिशवी घेऊन दुकानात! घोडं कुठे पेंड खातंय तेच मला कळेना.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आम्हाला एक मुलगी. लग्न झालंय, जवळच राहते. हे तिला 'धाकटी' म्हणतात. पहिल्यापासून. "धाकटी आली का?" "धाकटीचा फोन होता." नवीन माणूस हमखास विचारणार, "मग थोरली कुठे असते?" आणि मी चहा टाकायच्या निमित्ताने आत पळणार.

थोरला होता. मुलीच्या आधीचा. भिंतीला धरून चालायला लागला होता, पडला की स्वतःच टाळ्या वाजवायचा. तापाचं निमित्त झालं आणि गेला. पुढे मुलगी झाली तेव्हा जो तो मला म्हणाला, देवाने भरपाई केली बघ. मीही तेच धरून बसले. दुसरं काय धरणार? त्याचं नाव घेतलं की माझे हात दिवसभर चालत नाहीत, म्हणून नावच घेत नाही. आणि हे मात्र मुलीला धाकटी, धाकटी! यावरून मी यांच्याशी किती भांडले असेन! "लोकांना काय सांगायचं मी दरवेळी?" पालथ्या घड्यावर पाणी. संध्याकाळी पुन्हा, "धाकटी जेवली का?"

या वर्षी मोठ्या बाई लेकाकडे कायमच्या राहायला गेल्या. आता सगळे रविवार यांच्याच गळ्यात. तोवर ठीक होतं, पण पुढच्या रविवारचं वाचन काय आहे ते पाहिलं आणि यांचं काहीतरी बिनसलं. जेवताना पानाकडे बघत बसले. डॉक्टरकडून एक कवळी परत आली. खालच्या ओळीत दात चक्क तिरपा बसलेला! मी या घरात आल्यापासून असं कधी झालं नव्हतं. डॉक्टर हसण्यावारी नेत होते, यांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मी समजले, पुस्तकांनी झपाटलंय. म्हटलं, "घ्या बाई एकदाची ती पुस्तकं! माझा ओटा तडकलाय, तुम्ही नका तडकू."

"नको," हे म्हणाले. "अजून उघडून बघितलेलं नाही."

एवढे शनिवार जाऊन उघडून बघितलं नाही? माझं डोकंच फिरलं. पदर खोचला आणि दुसऱ्या दिवशी तडक दुकान गाठलं.

दुकानवाल्या बाई चष्मा साखळीला बांधून गळ्यात घालणाऱ्या. मी कोण ते सांगितलं तशा त्यांनी स्टूल पुढे केलं. "यावरच बसतात तुमचे मिस्टर," म्हणाल्या. "जगावेगळं गिऱ्हाईक! कुठलाही संच येऊ दे, एकच खंड काढायचा, ईयोबाचा. त्यातही शेवटचा अध्याय. तेवढंच वाचायचं, मिटायचं, मला म्हणायचं, 'इथेही पुढे निघून गेलेत.' आणि या नव्या संचाचं विचाराल तर खंड काढतात, मांडीवर ठेवतात, आणि न उघडता परत ठेवतात. मी विचारलं एकदा, का हो? तर म्हणाले, हा शेवटचा राहिलाय."

ईयोबाची गोष्ट ठाऊक असेल कुणाला, नसेल कुणाला. भला माणूस, गुरंढोरं, धनदौलत, दहा मुलं. सगळं गेलं. मुलं तर एका दिवसात, एका छपराखाली. खूप सोसतो, देवाशी भांडतो, आणि शेवटी देव त्याला सगळं परत देतो. मेंढरं, उंट, बैल, सगळं पहिल्यापेक्षा दुप्पट. आणि पुन्हा दहा मुलं. संपली गोष्ट. त्या रविवारचं वाचन तेच होतं. मग मला आठवलं, दरवर्षी या रविवारच्या आसपास हे मोठ्या बाईंशी पाळी बदलून घ्यायचे. कधी सर्दी, कधी कामाची घाई. मला वाटायचं, असेल बाई सर्दी.

दहा गेली, दहा दिली, पहिल्या दहांचं काय? इतकी वर्षं हा माणूस या स्टुलावर बसून एवढं एकच विचारत होता. गाजर चावून बघत होता हो तो! आणि मी त्याला साडीवरून चिडवत होते.

"काढा तो खंड," मी म्हटलं.

केवढा जड! शेवटचा अध्याय काढला. माझं वाचन हळू, त्यात चष्मा घरी विसरलेला. दुकानवाल्या बाईंनी स्वतःचा काढून दिला. इथे तो भाष्यकार पुढे निघून गेला नव्हता. चांगली पाच-सहा पानं त्या एका ठिकाणी थांबला होता. कोण काय म्हणतं ते सगळं मांडलेलं. जनावरं दुप्पट झाली, पण मुलं दुप्पट झाली नाहीत, पहिली होती तेवढीच दिली, हे त्याने बोट ठेवून दाखवलं होतं. यावर काही जुने लोक म्हणतात की जनावरं मेली की संपली, म्हणून ती दुप्पट मोजून दिली. मुलं संपलेली नव्हतीच. दहा इथे, दहा देवाजवळ, झालीच की दुप्पट. मग तो लिहितो, हे खरं की नाही ते वचनात सांगितलेलं नाही आणि मीही सांगू शकत नाही. पण दुसऱ्या दहांनी पहिल्या दहांची जागा भरली असं जो म्हणतो, तो वचनात नसलेलं पदरचं बोलतो. ती जागा मोकळी ठेवली आहे. आपण ती भरू नये.

मी त्या स्टुलावर बसून रडले. परक्या बाईच्या चष्म्यातून, भर दुकानात. त्या उठून दाराची पाटी 'बंद' करून आल्या.

"एकटा हा खंड द्याल?"

"संच फोडता येत नाही हो."

"मग संच बांधा. हा आज नेते, बाकीचा सोमवारी. आणि ओटा गेला खड्ड्यात."

घरी हे दिव्याखाली मेण तापवत होते. मी समोरचे जबडे बाजूला सारले आणि खंड उघडूनच ठेवला, त्या पानावर.

यांनी मान वर केली. एवढे घाबरलेले डोळे मी यांचे एकदाच पाहिले होते, दवाखान्याच्या दारात.

"मी चावून बघितलंय," मी म्हटलं. "टोचत नाही. वाचा."

मी स्वयंपाकघरात गेले. भांडी घासली, पुसली, पुन्हा घासली. आत आले तर यांच्यापुढचा मघाचा चहा तसाच, मेण गार झालेलं, आणि हे पानावर हात पालथा ठेवून बसलेले, झोपलेल्या लेकरावर ठेवतात तसा.

"मला वाटलं, मी एकटाच हे विचारतोय," हे म्हणाले.

"एकटे कसे? मी मेले होते का?" असं म्हटलं खरं, पण मी कुठे विचारत होते? मी तर भरपाई धरून बसले होते. हे विचारत राहिले, माझ्याही वाटचं.

रविवारी उभे राहिले. ईयोबाची गोष्ट सांगितली, भाष्यकार काय म्हणतो तेही सांगितलं. मग म्हणाले, "आम्हाला दोन मुलं. थोरला लहानपणी गेला. तो आता कुठे आहे ते मला नीटसं कळलेलं नाही. माझी आशा आहे, माहिती नाही. पण त्याची जागा कुणी घेतलेली नाही, एवढं मी तुम्हाला खात्रीने सांगतो." आवाज उतरला होता, पण शेवटच्या बाकापर्यंत पोचला. मागच्या बाकावरची दोन माणसं उठून उभी राहिली, का ते मी विचारलं नाही. प्रत्येकाच्या घरात काही ना काही असतं. मला माझ्या नवऱ्याचा एवढा अभिमान वाटला की सांगता सोय नाही.

सोमवारी लेक गाडी घेऊन दुकानात आली. खोके जड, तिने एक उचलला, मी दार धरलं. दुकानवाल्या बाई मला म्हणाल्या, "ही कोण, मुलगी?"

"हो," मी म्हटलं. "ही आमची धाकटी."

लेकीने खोका तसाच जमिनीवर ठेवला. "आई, काय म्हणालीस?"

"काय म्हणाले? धाकटी म्हणाले. आहेसच तू धाकटी. उचल आता, बापाची पुस्तकं आहेत ती, नीट धर."