शेवटच्या बाकावरच्या बाई

वर्गात शिरण्याआधी मोठ्या बाई रोज मनगटावरचं घड्याळ काढून पर्समध्ये टाकायच्या. सारखी घड्याळाकडे बघणारी बाई मुलांच्या मनातून उतरते, असं त्यांचं म्हणणं. गणित शिकवण्यात त्यांचे केस पांढरे झाले होते. शाळेत कुणी नवीन आलं, की मोकळ्या तासाला त्या त्याच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसत, गुडघे कसेबसे आत कोंबून. काय चुकलं ते मधल्या सुट्टीत चहा पिता पिता सांगत.

नव्या बाईने आधी त्यांची धास्तीच घेतली होती. मग तिनेच एकदा कबूल केलं, "बाई, अपूर्णांकाच्या भागाकारात खालचा आकडा वर का न्यायचा, मलाच सांगता येत नाही." मोठ्या बाईंनी कागदाची पट्टी फाडून तिला समजावलं. अर्ध्या पट्टीत पाव किती मावतात, बघ.

वर्षअखेरीस तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे ठरणार होतं. हेडसर शिक्षकांच्या खोलीत आले.

"बाई, तुम्ही मागे बसताच. हिला दहापैकी गुण तेवढे द्या."

"मी नाही देणार."

"का? कच्ची आहे?"

"गुण द्यायला लागले, तर ती अडलेलं मला कशाला सांगेल? तुम्ही द्या. या, बसा वर्गात."

"मला वेळ कुठाय!"

"घरी पाठवायला बरा आहे!"

तिथेच वह्या तपासत बसलेल्या नव्या बाईने हे सगळं ऐकलं. दोन चांगले शब्द बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं? ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. शेवटी हेडसर स्वतःच वर्गात येऊन बसणार असं ठरलं. त्याच्या आदल्या दिवशी तिने सगळा पाठ वर्गाकडून घोटून घेतला. इतका, की दुसऱ्या दिवशी उदाहरण फळ्यावर पुरतं उतरायच्या आतच एक मुलगी उत्तर सांगून मोकळी झाली. हेडसर खूश. दहापैकी नऊ. नोकरी पक्की झाली.

काही दिवसांनी ती आपण होऊन मोठ्या बाईंना बोलवायला गेली. "आज काही बसवलेलं नाही, बाई. शाब्दिक उदाहरणं मुलांच्या डोक्यावरून जातात. थोडी माझ्याही."

बाई आल्या. पुढच्याच आठवड्यात त्यांनी अंथरूण धरलं आणि शाळेत त्या परत आल्या नाहीत. पण त्या दिवशी नेहमीसारख्या मागे बसल्या होत्या. नवी बाई पहिल्याच ओळीला अडखळली आणि तिने वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"अगं, बाजूला सरक जरा," बाई म्हणाल्या, "फळा दिसत नाहीये."