पुढे दोन चेन असलेला कुर्ता

लेक तीन महिन्यांची झाली आणि मी माहेराहून धायरीच्या फ्लॅटमध्ये परत आले, तोवर हे कंपनीच्या कामासाठी अमेरिकेला गेले होते. सहा महिन्यांसाठी. घरात मी, लेक आणि नवाकोरा कॉम्प्युटर. त्याच्यावर मी धूळ बसू नये म्हणून टॉवेल झाकून ठेवत असे. मी यवतमाळकडची. पुण्यात माझ्या ओळखीचा म्हणजे दूधवाला, आणि तोही पिशवी कडीला अडकवून बेल न वाजवता जायचा.

संध्याकाळी खाली बाकांवर सोसायटीतल्या बायका बसत. चौथ्या मजल्यावर त्यांचं हसू ऐकू यायचं, कशावर हसतायत ते नाही. त्यांच्यात जाऊन बसावं, एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती. अडचण लेकीची. बाटली तोंडात धरायची नाही आणि दर तासाला भूक. एकदा गेले होते खाली. दहा मिनिटांत तिने सूर लावला, आणि माझा पंजाबी ड्रेस असा, की पाजायचं तर तो गळ्यापर्यंत वर घ्यायला हवा. समोर पेन्शनर आजोबांची बैठक. निमूट वर आले.

आई फोनवर म्हणाली, "साडी नेस न वो. पदर कायले असते मंग?"

बरोबरच होतं तिचं. पण खालच्या सगळ्या जणी कुर्त्यात नाहीतर जीन्समध्ये. मला त्यांच्यातली दिसायचं होतं, गावाहून बाळंतपणाला आलेली कुणाची तरी मावशी नाही. म्हणून ठरवलं, आपणच शिवायचा. छातीवर दोन उभ्या प्लेटा आणि प्रत्येकीच्या खाली लपलेली एक चेन. तयार असला कपडा मी तरी तोवर कुठल्या दुकानात पाहिला नव्हता.

"आठ इंची दोन चेन द्या," मी कोपऱ्यावरच्या दुकानात म्हटलं.

"पँटला?"

"नाही, कुर्त्याला. पुढे."

"पुढे दोन?" दुकानदाराने चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग कडेवरच्या लेकीकडे. "असेल. आमचं काम विकायचं."

त्या आठवड्यात माझ्याशी इतकं कोणी बोललं नव्हतं. म्हणून रीळ घ्यायला मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम वेगळी गेले.

"हा रंग जुळत नाहीये," ते म्हणाले.

"चालेल."

"चालेल कसं? घरी आरसा आहे ना?"

मी खूश होऊन घरी आले.

मशीन हाताचं, आईने दिलेलं. लेकीच्या पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला, उजवा हात मशीनच्या चाकावर, डावा कापडावर. ती झोपेल तेवढी वीस मिनिटं माझी. कापडाची चौघडी घालायची आणि पुढचा-मागचा भाग एकदमच बेतायचा, हे मला लहानपणी शिकवलेलं. शिकवल्याबरहुकूम केलं. चेनसाठीच्या फटीसुद्धा एकदमच कापल्या. उलगडून बघते तर पुढे दोन फटी आणि पाठीवरही दोन. लेक पाठुंगळी बसून प्यायली असती तर फारच सोयीचं होतं.

मी एकटीच मोठ्याने हसले. मग थांबले, कारण एकटीने हसायलाही काही मर्यादा असते. रविवारी यांचा फोन आला तेव्हा सगळं रंगवून सांगितलं. त्या लाइनवर बोललेलं उशिरा पोचायचं. माझं हसून संपलं, थोडा वेळ काहीच नाही, आणि मग तिकडून काळजीचा आवाज आला, "अगं, काय झालं? रडतेयस का?"

"नाही हो," मी म्हटलं. तेही उशिराच पोचलं असणार.

पाठीवरच्या फटींवर जुन्या साडीच्या काठाच्या पट्ट्या लावल्या. लांबून फॅशन वाटावी इतपत जमलं. आरशासमोर चारदा चेन उघडून-मिटून बघितली. एका हाताने, लेकीला घेऊन, न बघता. जमत होतं.

आणि गेले खाली. बाकाच्या टोकाला जागा होती, तिथे बसले. लेक कुरकुरायच्या आत प्लेट सरकवली, चेन ओढली, लेक लागली प्यायला. समोर आजोबांची बैठक तशीच चालू. कोणाला पत्ता नाही. इतका अभिमान मला बारावीच्या निकालालाही वाटला नव्हता. शेजारच्या बायकांचं कामवाल्यांविषयी चाललं होतं. माझ्याकडेही त्या विषयात सांगण्यासारखं होतं. मी वाक्य मनात जुळवत होते.

तेवढ्यात त्यातल्या एकीचं लक्ष गेलं. मान वाकडी करून ती माझ्या कुशीत डोकावली आणि हसली.

"झोपली वाटतं?"

मी नुसती मान हलवली. 'हो' अशीच हलली ती.

"अगं बाई! आणि आपण किती मोठ्याने बोलतोय," ती बाकीच्यांना म्हणाली. "चला गं, तिकडे बसू. बाळ झोपलंय. हिला तरी जरा निवांत बसू दे."

सगळ्या उठल्या. चपला न वाजवता, अगदी जपून पलीकडच्या बाकावर गेल्या. जाताना एकीने ओठांवर बोट ठेवून मला छानसं हसून दाखवलं.

'अहो, ती झोपली नाहीये,' एवढं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण मग ती काय करतेय, हेही आजोबांच्या देखत सांगावं लागलं असतं. मी तोंड मिटलं. लेकीला कसलीच घाई नव्हती. ती सावकाश, डोळे टक्क उघडे ठेवून, पीत राहिली.