दार अडवण्याचा मान

"ही आमच्याकडे असते. लांबच्या नात्यातली. आईबाप नाहीत बिचारीला."

हे माझा सख्खा दादा बोलला. माझ्यासमोर. नौपाड्यातल्या आमच्या घरी, ओटीवर सतरंजी घालून कल्याणची माणसं बसली होती. त्यांच्या मुलीचं दादाशी ठरत होतं. मुलीच्या काकांनी माझ्याकडे बघून एवढंच विचारलेलं, "ही कोण?" आणि आईबाप नाहीत म्हणे! आई तिथेच बसलेली. आप्पा सुपारी कातरत होते, ते कातरतच राहिले.

मला वाटलं, दादा चुकला. खरंच वाटलं. मला खोटं बोलता येत नसे आणि दुसऱ्याचं ओळखताही येत नसे. मी पोह्यांची बशी काकांपुढे ठेवली आणि म्हटलं, "नाही नाही, मी सख्खी. दादा विसरला. हे आप्पा, ही आई."

कोणीतरी फिसकन हसलं. आईने दंडाला चिमटा घेतला. "डोक्याने जरा अधू आहे, काहीही बरळते," असं त्यांना सांगून तिने मला आत ओढलं. मागच्या खोलीत कोळशाच्या पोत्याशेजारी बसवलं आणि बाहेरून कडी घातली.

मी सोळा वर्षांची होते. स्वातंत्र्य मिळून दोन-तीन वर्षं झाली होती, देशाला.

म्हातारपणी एका डॉक्टरीणबाईंनी मला शब्द दिला, स्वमग्नता. तेव्हाचे शब्द वेगळे होते. घुमी. आगाऊ. वेडी. कोणी डोळ्यांत बघितलं की मला चटका बसल्यासारखं व्हायचं. कुकरची शिट्टी तेव्हा नव्हती, पण पितळेचं भांडं पडलं तरी मी कान दाबून खाली बसायचे. बाहेरगावचे लोक थट्टेत म्हणतात ना, "याला ठाण्याला पाठवा"? आम्ही ठाण्यातलेच. मला पाठवायला मागची खोलीच होती.

त्या बाई म्हणाल्या, स्वमग्नता जन्मापासूनची. छातीत धडधड होऊन हातपाय गार पडतात ती भीती, आणि महिनेच्या महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहावंसं वाटतं ती उदासी, हे वेगळे आजार. एकाचे तीन झाले. मी म्हटलं, बाई, पहिलं देवाने दिलं असेल. उरलेली दोन मला घरच्यांनी दिली.

पण दादा तसा नव्हता हो! तेच तर दुखतं. छाती धडधडायला लागली की तोच माझ्या अंगावर जड घोंगडी टाकायचा आणि न बोलता शेजारी बसून राहायचा. "डोळ्यांत नको बघू, कपाळाकडे बघ. समोरच्याला कळत नाही," ही युक्ती त्याचीच. आणि त्याने मला शब्द दिलेला. "माझ्या लग्नात करवली तूच. दुसरी कोण? आणि वरात घरी आली की दार अडवायचा मानही तुझा."

बहिणीचा मान तो. नवरानवरी उंबऱ्याशी आली की बहीण दारात आडवी उभी राहते. "तुझी लेक माझ्या लेकाला देशील का?" असं विचारते. भावाने हो म्हटल्याशिवाय सोडत नाही. सगळे हसतात. मी तयारी केलेली. कोणाचीही वरात रस्त्यावरून निघाली की कानात कापूस घालून ताशाजवळ जाऊन उभी राहायचे. अंगाला कापरं भरायचं. तरी उभी राहायचे. सवय व्हायला हवी ना! दादाच्या लग्नात मला पळून जायचं नव्हतं.

लग्नाच्या सकाळी आई म्हणाली, "तू घर राख."

करवली मावसबहीण झाली. मी दादाकडे गेले. तो टोपी नीट करत होता. म्हणाला, "समजून घे गं. घरात वेड आहे कळलं तर ते मुलगी देतील का?" आई मागून म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची."

मुठीत मी होते. आणि मूठ दादाने आवळलेली.

सगळे कल्याणला गेले. संध्याकाळी ताशा ऐकू आला. हात गार पडले. कापूस सापडेना. तसंच दार उघडलं आणि उंबऱ्यावर उभी राहिले, दोन्ही हात चौकटीला लावून.

मावसबहीण दार अडवायला पुढे धावली होती. मला बघून थबकली. मागे दादा, त्याच्या शेजारी नवी वहिनी, मागे पाठराखीण, वहिनीचे काका आणि सगळं वऱ्हाड. दादाच्या कपाळाकडे बघायला गेले. तिथे मुंडावळ्या होत्या. मग डोळ्यांत बघितलं. चटका बसला. बसू दे म्हटलं.

"लेक नको मला," मी म्हणाले. "मी तुझी कोण, ते सांग. मग आत जा."

ताशा थांबला. वहिनीने मान वर केली. दादाने माझ्याकडे बघितलं, सासरच्यांकडे बघितलं. एक शब्द होता. बहीण. मी वाट बघितली.

"मामा, हिला बाजूला घ्या," तो म्हणाला.

मामाने माझी बोटं चौकटीवरून एकेक करून सोडवली. माप ओलांडून ते आत गेले. आई आतून दबक्या आवाजात म्हणाली, "आत ये गं मेले, लोक बघताहेत!"

"बघू देत," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी माझी वळकटी मागच्या खोलीतून उचलली आणि पुढे ओटीवर आणून टाकली. आईने रडून पाहिलं, आप्पांनी काठी दाखवली. मी हलले नाही. भीती गेली म्हणाल, तर कसली जाते! काळे दिवसही आले. आले की ओटीवरच पडून राहायचे, येणाऱ्याजाणाऱ्यासमोर, स्वतःच्या हाताने घोंगडी ओढून. आणि कल्याणहून आलेल्या कोणी पाहुण्याने विचारलं "ही कोण?", की घरातल्या कोणी तोंड उघडायच्या आत मीच सांगायचे. "या घराची मुलगी. तुमच्या जावयाची सख्खी बहीण."

दादा मागच्या दाराने ये-जा करायला लागला. करू दे म्हटलं. पुढचं दार मी सोडणार नाही.