कॉर्दोबाच्या दारापर्यंत

परांजपे काकू कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की चहाआधी विचारायच्या, "तुमच्या आधी इथे कोण होतं?" परदेशातल्या आमच्या ल्यूकन गावात या प्रश्नाने भले भले गडबडत. "काकू, घर ब्रँड न्यू आहे, आम्हीच पहिले," असं यजमानाने अभिमानाने सांगितलं, की त्या म्हणत, "म्हणजे गाई असणार. त्यांना विचारलं होतं का?"

सांगलीच्या कॉलेजात त्यांनी सगळी हयात मध्ययुगीन स्पेन शिकवला होता. आधी व्हिसिगॉथ, मग मुसलमान, मग ख्रिस्ती, आणि पुन्हा जूनमध्ये व्हिसिगॉथ. नवरा गेल्यावर त्या मंदारकडे, म्हणजे शेजारच्या लिक्सलिपमध्ये कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात असलेल्या मुलाकडे, नात सांभाळायला आल्या. आमच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत नवी कमिटी आली आणि तिने पहिल्याच दिवशी जुना बॅनर काढला, तेव्हा काकू मागच्या रांगेतून म्हणाल्या, "सत्ता बदलली. आता खुर्च्या कोण लावतं ते बघा." खुर्च्या लावायला नेहमीचेच दोघे होते.

मंदीची वर्षं होती. कुणाची नोकरी कधी जाईल याचा नेम नव्हता, म्हणून आम्ही ल्यूकनच्या चार कुटुंबांनी, असेपर्यंत मजा करून घ्यावी, असा समंजस विचार केला आणि स्पेनच्या किनाऱ्यावर सुट्टी ठरवली. काकूंनी जन्मात काही मागितलं नव्हतं. तेव्हा मात्र म्हणाल्या, "मला कॉर्दोबाची मशीद बघायची आहे. वर्गात इतकी वर्षं फळ्यावर काढली, एकदा आतून बघू दे."

प्रश्न मतदानाला गेला, कारण आमच्यात पाणी प्यायचं तरी मतदान होई. मंडळाचा सेक्रेटरी शिरीष म्हणाला, "काकू, मशीद बघायला एवढ्या लांब कशाला?"

"तिच्या पोटात चर्च आहे रे."

"चर्च तर ल्यूकनला घरासमोर आहे!"

पोहण्याचा तलाव बहुमताने जिंकला. पण स्पेनला पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी शिरीषला शोध लागला, की कॉर्दोबामध्ये एक भारतीय हॉटेल आहे आणि तिथे थाळी मिळते. तीन दिवस पाव खाऊन कावलेल्या मंडळींना एकदम इतिहासाची गोडी लागली. सकाळीच गाड्या निघाल्या.

आधी जेवू, मग बघू, असं ठरलं. थाळी उशिरा आली, तिच्यावर पुन्हा वरण आलं, मग कुणाला गुलाबजाम हवे होते. काकू हातात पर्स धरून खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या. "मंदार, बंद होईल रे," त्या दोनदा म्हणाल्या. "अगं आई, रिलॅक्स, ग्रँड आहे," मंदार ल्यूकनच्या लोकांसारखं म्हणाला; तिकडे सगळं ठीक असलं की ग्रँड. आम्ही पोहोचलो तेव्हा रखवालदार दार लावत होता. मंदारने हातापाया पडून पाहिलं. रखवालदार नम्र होता, पण दार लागलं.

कुणालाच कुणाकडे बघवेना. काकूंनी भिंतीला हात लावला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि मग आमच्याकडे वळून शिकवायलाच लागल्या. आत काय आहे ते त्या बाहेरून सांगत होत्या. खांबांचं रान, त्यातले कितीतरी जुन्या इमारतींचे काढून आणलेले, त्यांवर लाल-पांढऱ्या कमानी, आणि मधोमध उभं केलेलं चर्च. "ते घंटाघर बघा. त्याच्या आत मिनार आहे. पाडला नाही, वरून अंगरखा चढवला."

"सो हू वन, आजी?" नातीने विचारलं.

"ज्याने त्याने स्वतःला जिंकलेलं म्हटलं. खांब तेच राहिले."

शिरीषसुद्धा मोबाइल खिशात घालून ऐकत होता.

पुढे काकू सांगलीला परत निघाल्या, तेव्हा मंडळाने निरोप समारंभ केला. शिरीषने भाषणात दणकून सांगितलं, "काकूंबरोबर आम्ही कॉर्दोबाची मशीद पाहिली! काय ते खांब, काय त्या कमानी!" काकूंनी माइक मागून घेतला. "दुरुस्ती करते. मी भिंत पाहिली. यांनी थाळी पाहिली." सगळे पोट धरून हसले, त्याही हसल्या. पण खाली बसताना त्यांनी डोळे पुसले, आणि ते फक्त मला दिसलं.

वर्षभरात त्या सांगलीलाच वारल्या. आमच्यापैकी कुणीही पुन्हा कॉर्दोबाला गेलेलं नाही. शिरीष मात्र नव्या पाहुण्यांना अजून ती मशीद आतून वर्णन करून सांगतो, अगदी खांब न् खांब, आणि एकही शब्द चुकत नाही. खोटं बोलतोय हे मला ठाऊक असतं. तरी मी त्याला थांबवत नाही, कारण त्या वेळी खोलीत काकू बोलत असतात.