खोडायचं, पुसायचं नाही

वफीक शहाल यांनी चाळीस वर्षं लेबनॉनमधल्या तराब्लुसच्या टेलिफोन खात्यात खांबांवर चढण्यात घालवली. निवृत्त होऊन कायमचे खाली उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की जमिनीवर आपल्याला काहीच काम नाही. मग त्यांनी आपल्या जुन्या प्यूजोचा कार्बोरेटर काढून टाकला. इंजिनाला पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची हे ठरवणारा छोटा संगणक त्यांनी जेवणाच्या टेबलावर स्वतः डाग देऊन बनवला. तीन महिने गाडी दारात उभी होती. त्यांची बायको नवाल येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "चालती गाडी बंद पाडली. आता बसलेला नवरा चालता झाला तरी मिळवलं."

चौथ्या महिन्यात गाडी चालू झाली, आणि वफीक उस्तादांना हे जगाला सांगावंसं वाटलं. तिथे मी सापडलो. मी हिकमत, शेजारच्या मीना बंदरात दातांच्या कवळ्या करतो. माझ्याकडेही एक खटारा होता आणि डोक्यात तोच किडा. आम्ही दोघांनी इंटरनेटवर फोरम सुरू केला. सैदापासून कुवेतपर्यंतचे हौशी लोक तिथे आपल्या जळक्या तारांचे फोटो टाकायचे आणि आम्ही फुकटात उत्तरं द्यायचो. लष्कराच्या भाकऱ्या भाजणं म्हणतात ते हेच. पीठही आमचंच होतं.

उस्तादांच्या भागात वीज जेव्हा हवी तेव्हा नसायची. म्हणून ते उत्तर आधी पेन्सिलीनं वहीत लिहीत आणि वीज आली की ते जसंच्या तसं टंकत. विरामचिन्हांचा त्यांना कंटाळा. पण एका नियमावर ते अडून बसायचे. चुकीचं उत्तर खोडायचं, पुसायचं नाही. त्यावर आडवी रेघ मारायची, खाली बरोबर उत्तर लिहायचं आणि आपलं नाव टाकायचं. दुसऱ्याला कळलं पाहिजे, की इथे एकजण पडला होता. दुसऱ्याचं लिखाण बदलायची किल्ली फक्त आम्हा दोघांकडे होती, आणि ती वापरायची वेळ कधी आली नव्हती.

आता आमच्या लिपीबद्दल थोडं. अरबीची ओळ उजवीकडून डावीकडे जाते. मध्ये आकडे आले, की पडद्यावर त्यांच्या जागा बदलायच्या आणि तारांचा घोळ व्हायचा. म्हणून आम्ही सगळे अरबी लिहायचो ती इंग्रजी अक्षरांत. ज्या अरबी अक्षराला तिकडे जोड नाही, त्याच्या जागी आकडा टाकायचा. 'ऐन' या अक्षराला तीन. आणि आमच्या बोलीत नुसतं ऐन म्हणजे 'वर'.

बद्री उत्तरेकडच्या अक्कार भागातला. हल्बा ते तराब्लुस मर्सिडीझ टॅक्सी चालवायचा. फोरमवर विचारत विचारत त्यानं सहा महिन्यांत इंजिनाच्या संगणकाचा स्वतःचा बोर्ड बनवला होता. इंजिन किती तापलं हे सांगणारी तार कुठे लावू, एवढंच त्याला विचारायचं राहिलं होतं. उस्तादांनी उत्तर दिलं, "तार ३ १२". त्यांना म्हणायचं होतं, तार बारा नंबरच्या खाचेवर. बद्रीनं वाचलं, तीन नंबरची तार बारा व्होल्टला. त्यानं ती लावली. बोर्डातून धूर निघाला आणि सहा महिन्यांचं काम मिनिटभरात काळं पडलं.

त्यानं फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "उस्तादांनी सांगितलं तसंच केलं."

तो फोटो मी आधी पाहिला. उस्तादांकडे वीज नव्हती. खरं सांगतो, मला बद्रीची नाही, उस्तादांची काळजी वाटली. या माणसाकडे या वयात हेच तर होतं. मी किल्ली वापरली. त्यांच्या उत्तरातला तीन काढला आणि तिथे 'अला' हा पूर्ण शब्द लिहिला, म्हणजे 'वर'. शेवटी पूर्णविराम दिला. काम चोख झालं. दातही मी असेच बसवतो.

दुपारपर्यंत लोक बद्रीवर तुटून पडले. उत्तर स्पष्ट आहे, आधी वाचायला शीक. कोणी म्हणालं, स्वतःचा गाढवपणा म्हाताऱ्याच्या माथी मारतोय. बद्रीनं एकदाच लिहिलं, की तिथे तीन होता, मी शपथेवर सांगतो. त्यावर लोक आणखी हसले. मग तो गप्प झाला. मीही गप्प होतो.

दोन दिवसांनी उस्तादांचा फोन आला. म्हणाले, "हिकमत, माझ्या वहीत तीन आहे. फोरमवर नाही."

मी म्हणालो, "तुम्हीच नंतर बदललं असेल उस्ताद. विसरला असाल."

ते म्हणाले, "असेल," आणि फोन ठेवला.

तासाभरात फोरमवर त्यांचं उत्तर परत जसं होतं तसं झालं, तीनसकट. त्यावर आडवी रेघ होती आणि खाली लिहिलं होतं, "चूक माझी बद्रीनं लिहिलं होतं तेच केलं नंतर पुसलं तेही मीच वफीक". त्यांनी प्यूजोमधला बोर्ड काढला, दोन संध्याकाळी बसून मर्सिडीझला जमेल असा केला आणि बद्रीच्याच टॅक्सीत बसून हल्ब्याला नेऊन बसवून दिला. प्यूजो पुन्हा दारात उभी राहिली. त्या दिवसापासून फोरमवर तारेचा नंबर अक्षरांत लिहायचा नियम झाला. मला ते कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

याला नऊ वर्षं झाली. उस्तादांना आता पडद्यावरचं दिसत नाही. दर गुरुवारी सकाळी मी त्यांच्याकडे जातो आणि आठवड्याचा फोरम वाचून दाखवतो. नवाल कॉफी देते आणि म्हणते, दोघांचं मिळून एक माणूस झालंय. त्यांनी तिथे काही हजार उत्तरं लिहिली. त्यात चुका आहेत, सगळ्या खोडलेल्या आणि वाचता येणाऱ्या. जाणूनबुजून लिहिलेलं खोटं एकच आहे, आणि ते माझ्यासाठी लिहिलेलं आहे. किल्ली आता माझ्या एकट्याकडे आहे. ते वाक्य मला पुसता आलं असतं, कोणाला कळलंही नसतं.

मागच्या बुधवारी मी "पुसलं तेही मीच" या शब्दांवर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "पुसलं ते मी. हिकमत."

दुसऱ्या दिवशी उस्तादांना सगळं वाचून दाखवलं, हेही. ते म्हणाले, "बद्री काय म्हणतो?"

बद्रीचं उत्तर सकाळीच आलं होतं. मी वाचलं, "मला तेव्हाच कळलं होतं. उस्ताद पूर्णविराम कधी देत नाहीत, तुम्ही देता. पण त्यांनी स्वतःवर घेतल्यावर मी कोण बोलणार?"

उस्तादांनी चाचपडत कप उचलला.

"आणि काल?" त्यांनी विचारलं. "काल दिलास ना पूर्णविराम?"

"दिला," मी म्हणालो.

"मग झालं तर. पुढचं वाच."