शिवेबाहेरचं टेबल

आष्टीकडच्या गावांत मी रक्त तपासायला जाते. सरकारी दवाखान्यातली लॅबवाली म्हणून माझी ओळख, पण गावातली माणसं मला थेट 'पिशाच' म्हणतात. मला राग येत नाही. उलट रक्त पिणाऱ्या पिशाचांचे विनोद मीच जमवून ठेवलेत, कारण हसणारा माणूस दंड आवळून बसत नाही. 'पिशाच कधी एकटं का नसतं? गावभर त्याची रक्ताची नाती.' असले. शब्दाचा एक अर्थ घरातला, दुसरा सुळ्यांचा. दोन्ही अचानक समोरासमोर आले की हसू फुटतं.

एका साली रक्त तपासणीच्या शिबिराची तारीख दसऱ्यानंतरची आली. ऊसतोडीला निघालेल्या बाया शाळेच्या ओट्यावर जमल्या, हसल्याही, पण बाही कुणी वर करेना. शेवटी मी ठेवणीतला काढला.

"पिशाच उसाच्या फडात का जात नाही?"

"कावून?"

"तिथं सगळ्यांच्या रक्ताचं पाणी झालेलं असतं."

एक बाई तेवढी हसली नाही. मागच्या हंगामात डोक्यावर मोळी असताना ती चक्कर येऊन पडली होती, असं शेजारणीनं सांगितलं. ओठ पांढरेफटक, आणि टोळी दुसऱ्या दिवशी निघणार.

"तुम्ही तरी द्या," मी म्हणाले.

"खंडेनवमीला कोयता पुजलाय, ताई. टोळी निघूस्तोवर गावात रक्त सांडायचं न्हाई."

"आणि गावाबाहेर?"

तिनं जरा विचार केला. "शिवेच्या पल्याड चालतंय."

मग मी हट्टालाच पेटले. टेबल उचललं, शिपायाच्या हाती पेटी दिली आणि शिवेवरच्या ओढ्यापलीकडं लिंबाखाली दुकान मांडलं. ती आली. तिच्यामागून बाकीच्या आल्या.

नळीतलं तिचं रक्त खरंच फिकट होतं. यंत्रावरचा आकडा पाहून मी घाबरले. तिला भरती करणं भाग होतं. पण ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर-जोडी धरतात. ती थांबली की तोही टोळीतून सुटणार.

"लई वेळ लागंल का?" तिच्यासोबत आलेल्या नवऱ्यानं विचारलं.

"लागेल तेवढा लागू द्या," मी म्हणाले, आणि दोघांना आमच्याच गाडीत बसवलं. टोळी त्यांच्याविना गेली. रक्त चढवल्यावर, अंगात बळ आल्यावर, ती दोघं मागाहून गेली.

फडाचा तो विनोद मी पुन्हा सांगितला नाही. त्याचा दुसरा अर्थ मी नळीत पाहिला होता. टेबल मात्र दरसाल लिंबाखालीच मांडते. सगळ्यांत आधी तीच येऊन बसते आणि बाही सारत म्हणते, "बघा ताई, अवंदा लाल हाय."